कडेच्या पेशी

"आणि इथं जपावं लागतं, बाबा. जोरात धुतलं की कडेच्या पेशी निघून येतात," निशी म्हणाली, आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तिच्या ते लक्षात आलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. शनिवारची दुपार होती, महाडातल्या आमच्या दोन खोल्यांत पंखा गरम वारा फिरवत होता, आणि माझी मुलगी पुण्याहून दोन दिवसांसाठी घरी आली होती. पुढच्या महिन्यात तिची पीएच.डी.ची शेवटची परीक्षा आहे. ती सगळ्यांसमोर असते, घरचे लोकही येऊन बसतात. मी यावं असं तिचं म्हणणं होतं. मला त्यातलं काय कळणार, असं मी म्हणालो, म्हणून तिनं लॅपटॉप उघडला होता. मला न विचारताच तिनं तो स्टुलावर ठेवला, ज्या स्टुलावर माझ्या बायकोचा, राहीचा पाय ठेवून मी अकरा महिने मलमपट्टी केली. त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही असं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तिची चूक नव्हती.

काचेच्या ताटलीत त्या पेशी वाढवतात. त्या एकीला एक लागून पसरतात आणि सारवलेल्या अंगणासारखा एक थर होतो. त्यात निशी प्लास्टिकच्या बारीक टोकानं सरळ ओरखडा काढते. मधली पट्टी मोकळी होते. मग ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी फोटो घ्यायचा. चोवीस तासांचे फोटो वीस सेकंदांत पळवले की ते दिसतं. दोन्ही कडांच्या पेशी आधी नुसत्या थरथरतात. मग एखादी पुढच्या बाजूला पातळ पदर काढते, तो खाली टेकवते, आणि मागचं अंग ओढून घेते. तिच्यामागून दुसरी निघते. मोकळी पट्टी बारीक होत जाते, आणि शेवटी इकडच्या आणि तिकडच्या मधे भेटतात आणि भेटल्यावर थांबतात. मी ते तीनदा बघितलं. चालायला पाय नाहीत, बघायला डोळे नाहीत, आणि तरी चालल्यात.

"कोण सांगतं त्यांना, चला म्हणून?" मी विचारलं.

"तेच तर माझं काम, बाबा. पेशीच्या अंगावर बाहेरून हजारो हात असतात असं समजा. रिसेप्टर म्हणतात त्यांना. खाली एक जाळं असतं. एका जातीचे हात ते जाळं घट्ट पकडतात. इंटिग्रिन. दुसऱ्या जातीचे पकडत नाहीत फारसं, चाचपतात. सिंडेकॅन. दोघांचा निरोप आत एकदम पोचला तर पेशी पुढं पकडते आणि मागं सोडते. मागचे हात पोटात ओढून घ्यायचे आणि पुढं पुन्हा बाहेर काढायचे. नुसतं पकडलं तर चिकटून बसेल. नुसतं सोडलं तर वाहून जाईल."

"आणि दुसरा हात काढून टाकला तर?"

"अरे वा! परीक्षक हेच विचारणार," ती हसली आणि दुसरी चित्रफीत लावली. यातल्या पेशींचे चाचपणारे हात तिनं काढून टाकलेले होते. पेशी हलत होत्या. पकडत होत्या, सोडत होत्या, पण एक इकडं जाई, एक मागं वळे, एक जागच्या जागी फिरे. वीस सेकंद संपले तरी ओरखडा तसाच होता. "चालतात, पण कुठं जायचं ते कळत नाही," निशी म्हणाली. राही असती तर म्हणाली असती, माझ्या नवऱ्याला बघितलंत का कुठं, तो पण असाच घरभर फिरतो. पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी ताटलीच्या धुण्यापाशीच अडकलो होतो. ओरखडा काढल्यावर सुटलेला कचरा धुऊन काढतात, निशी सांगत होती, पण पाणी कडेनं, हळूच सोडायचं. पेशी नुकत्या धरत असतात. जोरात धुतलं की कडेच्या निघून येतात, आणि त्याच तर चालणाऱ्या असतात.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात एकतीस वर्षं रिअॅक्टरवर आहे. रिअॅक्टर म्हणजे मोठी बंद टाकी, आतून काच लावलेली. एक माल निघाला आणि दुसरा घ्यायचा असला की मधे टाकी धुवायची. आधी पाणी, मग वाफ, मग पुन्हा पाणी. मग पांढऱ्या कापडाचा चौकोन काठीला बांधून आतली भिंत पुसायची आणि कापड उजेडात धरायचं. कापडाला काही लागलं तर टाकी नापास, पुन्हा धुवा. कोरं आलं तरच पुढं. माझ्या हातची टाकी दुसऱ्यांदा नापास झाली असं फार कमी वेळा घडलं. नवीन पोरांना मी हेच शिकवलं, डोळ्यावर विश्वास ठेवू नका, कापडावर ठेवा. निशी लहान होती तेव्हा जेवायच्या आधी हात धुऊन यायची, मी रुमालानं तिची बोटं पुसायचो आणि म्हणायचो, कापड कोरं, पास. ती पळत ताटावर जायची.

राहीला साखरेचा आजार होता आणि पायाला बधिरपणा आला होता, हे आम्हाला माहीत होतं आणि नव्हतं. चप्पल कधी निसटली ते तिला कळायचं नाही, त्यावर ती स्वतःच हसायची. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात आम्ही गावी राब भाजायला गेलो होतो. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे, चार गुंठे भाताची जमीन आता मोठ्या वहिनी बघतात. ज्या तुकड्यात भाताचं रोप पेरायचं त्यावर शेण, झाडाच्या तोडलेल्या डहाळ्यांचं कवळं, पाला, गवत असे थर देऊन वर माती पसरायची आणि ते सगळं भाजायचं, ह्याला राब म्हणतात. आग विझलेली दिसते, वरून राख पांढरी होते, आतून इंगळ दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. राही त्या कामात लहानाची मोठी झालेली, तिला हे सांगायला नको. पण चालताना तिचा डावा पाय राखेत गेला आणि तिला काही लागलं नाही म्हणून तो तिनं लवकर काढला नाही. वास आला तेव्हा तिनं खाली बघितलं. "अवो, काय तरी जळतंय बगा," ती म्हणाली. जळत होतं ते तिचंच तळपाऊल होतं.

डॉक्टरांनी औषधं दिली आणि जखम साफ ठेवा म्हणून सांगितलं. पहिले आठ दिवस नर्स यायची, मग मी म्हणालो मीच करतो. साफ ठेवणं हे माझंच काम होतं. रोज सकाळी, दुसरी पाळी असली तरी सकाळीच, मी स्टूल ओढायचो, खाली निळा टब ठेवायचो, आणि कालची पट्टी काढायचो. वाळलेली पट्टी जखमेला धरून बसलेली असायची. नर्स ती एका झटक्यात ओढायची, मीही ओढायला शिकलो. राहीला दुखत नव्हतं. पट्टीबरोबर ओलसर, गुलाबी-पिवळा पापुद्रा निघून यायचा, त्याखाली बारीक रक्ताचे ठिपके दिसायचे. मला वाटायचं, घाण निघाली. मग मेडिकलमधून आणलेलं फेसाळणारं औषध ओतायचो. फेस आला की बरं वाटायचं, काहीतरी काम होतंय असं वाटायचं. मग पांढऱ्या कापडानं पुसायचो आणि कापड खिडकीकडे धरायचो. ते कोरं कधीच आलं नाही. अकरा महिन्यांत एकदाही नाही. मी पुन्हा पुसायचो.

शनिवारी ती चित्रफीत संपल्यावर मी निशीला म्हणालो, छान आहे, मी येईन परीक्षेला. मग भाजी आणायला म्हणून खाली उतरलो आणि शिवाजी चौकापर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत आलो. एवढं साधं होतं. रात्रभर राहीच्या जखमेतल्या पेशी कडेकडेनं पुढं यायच्या, पातळ पदर काढून धरायच्या, पकडायच्या, सोडायच्या, एक केसभर जागा घ्यायच्या. आणि सकाळी मी यायचो. माझ्या कापडाला जे लागायचं ते त्याच होत्या. तीनशेपेक्षा जास्त सकाळी मी त्या ओढून काढल्या आणि उजेडात धरून बघितल्या. मग हाडापर्यंत गेलं, अंगठा काढला, मग ताप आला तो उतरला नाही. पनवेलच्या पुढं एका दवाखान्यात ती नवव्या दिवशी गेली. त्याला आता चौदा महिने झाले. निशीला विचारायला हवं होतं. हे विचारावं असं दुसरं माणूस जगात नव्हतं. आणि ती हो म्हणाली तर पुढं कसं राहायचं हे मला ठाऊक नव्हतं. जेवताना तिनं विचारलं, बाबा, गप्प का? मी म्हणालो, उकाडा.

रविवारी पहाटे आम्ही दोघं स्कूटरवरून वाडीवर गेलो. वहिनींनी राब भाजायला बोलावलं होतं, वारा उठायच्या आधी उरकायचं होतं. पोलादपूरपाशी नवा महामार्ग गावाच्या पोटातून खोल कापून नेलाय, कशेडीकडे जाणारे ट्रक तिथून जातात. वरून फक्त आवाज येतो. मागं बसलेल्या निशीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. चढाला तिची पकड घट्ट व्हायची, सपाटीला सैल. मी ते मोजत होतो. राही बसायची तेव्हा ती मला धरायची नाही, मागचं लोखंड धरायची. लोक काय म्हणतील म्हणून. लग्नाला तीस वर्षं झाली तरी. आम्ही एकमेकांना हात लावणारी माणसं नव्हतो. आणि तिच्या पायाला मी हात लावणं तर तिच्या कल्पनेतच बसत नव्हतं. पहिल्या दिवशी मी पाऊल हातात घेतलं तर तिनं ते मागं ओढलं. "असं करू नका. पाप लागतं मला. नवऱ्यानं पायाला हात लावायचा असतो का?" मी म्हणालो, मग जखमेला काय नमस्कार करू? त्यावर तिनं एक तोड काढली. पट्टी झाली की ती खाली वाकायची, माझा हात धरून आपल्या कपाळाला लावायची आणि सोडायची. रोज. मला त्याचा आधी संकोच वाटायचा. मग सवय झाली. मग पहिल्या पाळीला उशीर होत असला तरी मी तेवढ्यासाठी थांबायचो.

वहिनी, गीताबाई, सत्तरीच्या आहेत आणि अजून कवळं तोडायला झाडावर चढतात. निशीला बघून म्हणाल्या, "आली गो डाक्टरीण. वाळलीस किती! पुण्यात खायला देत नाय का?"

"काकी, मी ती डॉक्टर नाही. औषध देणारी नाही."

"मग काय करतंस एवढी वर्षं?"

"पेशी कशा चालतात ते बघते."

"आमच्या म्हशी कशा चालत्यात ते बग आधी, त्या पलीकडच्या रानात गेल्यात," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी नुसतं उभं राहा. काडी मी लावते. तुमी लावली की चहूकडनं पेटतं, तुमाला दम नसतो."

त्यांनी वाऱ्याच्या समोरून आग लावली. तशी लावली की ती सावकाश खातखात येते. आम्ही हिरव्या डहाळ्या घेऊन बांधावर उभे राहिलो. धूर पायाशी पसरला. ह्याच बांधावर राहीनं लावणीच्या दिवसांत मला एकदा खूप हसवलं होतं. पाय जळल्यानंतरचा आषाढ होता तो. ती बांधावर खुर्चीत बसलेली, पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, आणि चिखलातल्या बायकांना वरून हुकूम सोडत होती. मी तिच्या पायाची पट्टी सुकी आहे ना म्हणून पिशवी सोडायला गेलो. ती बायकांना म्हणाली, "ह्यांना लावणीला घेऊ नका गो. आज लावतील आणि उद्या रोप उपटून बगतील, मूळ धरलं का म्हणून. परवा परत उपटतील." बायका चिखलात हसून वाकल्या. मीही हसलो. हसत हसत पिशवी सोडली, पट्टी उचलून बघितली आणि पुन्हा बांधली. ती सांगत होती का मला? की नुसती थट्टा होती? तिची थट्टा आणि सांगणं मला कधीच वेगळं करता आलं नाही.

दोन तासांत राख पांढरी झाली. वहिनी चहाला गेल्या. निशी बांधावर बसली होती. मी राबाच्या कडेला उकिडवा बसलो आणि थंड झालं का ते बघायला तळहात राखेवर टेकवला. मी असं का केलं ते मला नक्की सांगता येणार नाही. सवय म्हणा. टाकी निवली का ते मी हात लावूनच बघतो. एक क्षण काहीच वाटलं नाही, नुसती मऊ राख, आणि त्या एका क्षणात मला वाटलं की तिला असं वाटलं असणार. मग भाजलं. मी ओरडलो. निशी धावत आली. वहिनी घरातून ओरडल्या, "हात घातलात ना? मला ठावं होतं! ह्या घरातली माणसं आगीला हात लावल्याबिगर राहत नाय!" आणि मग आपण काय बोललो ते कळून माठ घेऊन बाहेर आल्या.

निशीनं मला ओट्यावर बसवलं आणि माठातलं पाणी बारीक धारेनं हातावर सोडत राहिली. किती वेळ, म्हटलं. वीस मिनिटं, म्हणाली, हलू नका. बोटांच्या खालचा तळवा भाजला होता, एक फोड आपोआप फुटला होता. वहिनींकडं पायाच्या भेगांसाठी आणलेली व्हॅसलिनची नवी डबी होती. पट्टीचं कापड कुठून आणायचं म्हणून निशी इकडंतिकडं बघू लागली. मी म्हणालो, स्कूटरच्या डिकीत बघ. तिथं दोन पाकिटं होती, बंद. तिच्या आईची उरलेली. ती हातात घेऊन निशी थोडा वेळ डिकीपाशीच उभी राहिली. मग आली, पाकीट फाडलं, कापडाला व्हॅसलिन लावलं. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला. माझ्या लेकीनं माझा हात असा कधी धरला होता ते मला आठवेना.

"निशी, एक विचारतो. खरं सांग."

"विचारा."

"मी रोज पट्टी ओढून काढायचो. ते फेसाचं औषध ओतायचो. पुसायचो. काल तू जे म्हणालीस, कडेच्या पेशींचं." मी माझ्या तळव्याकडे बघितलं. "माझ्यामुळं झालं का?"

ती कापड बसवत होती. तिचा हात थांबला नाही, पण फार हळू झाला. म्हणजे तिला कळलं होतं, आणि ती आजच नव्हे तर कधीपासून ह्या प्रश्नाची वाट बघत होती, हे मला तिच्या मानेवरून दिसलं.

"जखम भरायला उशीर झाला," ती म्हणाली. "त्यात तुमचा हात होता. नव्हता असं मी म्हणणार नाही, बाबा. पण तिची साखर होती, पायात रक्त पोचत नव्हतं, नसा गेल्या होत्या. तुम्ही काही केलं नसतंत तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कुणी नक्की सांगितलं तर तो खोटं बोलतोय."

"तुला कधी कळलं?"

"त्या आषाढातच. तुम्ही पट्टी करत होतात आणि आईनं व्हिडिओ कॉल लावला होता. मी बघितलं."

"मग?" माझा आवाज वहिनींना ऐकू गेला असणार. "मग बोलली का नाहीस?"

"आईला बोलले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर फोन केला. म्हटलं, आई, बाबांना सांग, ओली करून काढा, फेसाचं औषध बंद करा, रोज उघडू नका. ती ऐकून घेऊन म्हणाली, त्यांना नको सांगू." निशी आईच्या आवाजात बोलत नव्हती, तरी मला तो ऐकू आला. "म्हणाली, तीस वर्षांत माज्या अंगाला कोणी एवढं जपून हात लावला नाय. मला काय दुकत नाय. सकाळची ती अर्धी घटका हाय ती माजी हाय. डॉक्टर बगतोय ना? मग करू दे त्यांना."

वहिनींच्या घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. चुलीवर चहा उतू गेल्याचा वास आला.

"मी हट्ट करायला हवा होता," निशी म्हणाली. "मला माहीत होतं. माझ्या ताटल्यांत रोज तेच दिसत होतं. मला वाटलं, पुढच्या महिन्यात घरी येईन तेव्हा समजावीन. मग आले तेव्हा तुम्ही दोघं स्टुलापाशी बसलेले होतात. ती तुमचा हात कपाळाला लावत होती. मी दारातूनच मागं फिरले."

तिनं गाठ मारली. माझा हात तिच्या मांडीवर तसाच राहिला. मी तो काढून घेतला. मला राग आला होता, खरं ते लिहितो. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. राहीला माहीत होतं, लेकीला माहीत होतं, आणि मी रोज सकाळी खिडकीशी उभा राहून कापड बघत होतो. चहा पिऊन आम्ही निघालो. स्कूटर मीच चालवली, उजवी मूठ बोटांच्या टोकांनी धरून, आणि उतारावर निशीनं खांद्यावर हात ठेवला नाही, मागचं लोखंड धरलं. महाडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. चढताना ती म्हणाली, "चार दिवस उघडायचं नाही. चौथ्या दिवशी कोमट पाण्यात हात ठेवायचा, कापड आपोआप सुटेल. ओढायचं नाही."

"आणि दुखलं तर?"

"दुखू दे. दुखतंय म्हणजे चांगलं आहे." ती पायरीवर थांबली. "परीक्षेला याल?"

मी म्हणालो, बघू. गाडी गेली.

कारखान्यात मला हलकं काम दिलं. डाव्या हातानं आकडे लिहायचे, तापमान, दाब, वेळ. सोमवारी दिवसभर हात ठणकला. मंगळवारी खाज सुटली. पट्टीखाली काय चाललंय ते बघायची इच्छा इतकी जोराची होती की मी उजवा हात शर्टाच्या आत घालून ठेवला. एका कोपऱ्यातलं कापड थोडं उचलून बघितलं तर काय होणार, असं दर तासाला वाटायचं. आता मला माहीत होतं की आत काय चाललंय. कडेच्या निघाल्या असतील. पातळ पदर काढून चाचपत असतील. मागचं सोडत, पुढचं धरत. त्यांना माझ्याकडून काही नको होतं, फक्त मी त्यांच्यात हात घालू नये एवढं हवं होतं. एकतीस वर्षं मी कामाला लागलेला माणूस, मला काही न करण्याचं काम कुणी दिलं नव्हतं. रिअॅक्टरच्या मागं उभा राहून मी राहीशी भांडत होतो. मला सांगितलं असतंस तर मी पाय धरूनच बसलो असतो, पट्टी न सोडता, अर्धी घटका काय, तासभर. तेव्हा ती मला म्हणाली असती, नसता बसलात. काय तरी काम असल्याशिवाय तुमी माज्याजवळ कधी बसलात? आणि हे खरं होतं. मी बुधवारी पाळी सुटेपर्यंत ह्याला उत्तर शोधत होतो. निशीला चार दिवस फोन केला नाही. तिचाही आला नाही. दोनदा मी नाव काढून बघितलं आणि फोन पुन्हा खिशात टाकला. घरात फिरत राहायचो, ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. त्या दुसऱ्या चित्रफितीतल्यासारखा, असं एकदा मनात आलं आणि मी मुद्दाम खाली बसलो.

गुरुवारी पहिली पाळी होती. चारला घरी आलो. निळा टब माळ्यावर होता, तो काढला, धुतला, कोमट पाणी घेतलं. स्टूल ओढलं आणि ह्या वेळी स्वतः त्यावर बसलो. पट्टीसकट हात पाण्यात ठेवला. किती वेळ ते तिनं सांगितलं नव्हतं. मी वाट बघितली. खिडकीतून ऊन टबावर येत होतं. खाली कुणाच्या तरी मोटारसायकली वसाहतीतून परतत होत्या. पाणी निवलं, मी हललो नाही. कापडाचा एक कोपरा आधी उचलला गेला, मग बाजू, मग ते सगळंच पाण्यावर आलं. त्याला कुणी ओढलं नव्हतं. मी हात वर काढला. जिथं फोड फुटला होता तिथं गुलाबी, पातळ, चकचकीत कातडी होती, काठापासून आत आलेली. मधे अजून टिकलीएवढी जागा बाकी होती.

मग मी डाव्या हातानं ते कापड पाण्यातून उचललं. पिळलं नाही. निथळू दिलं आणि खिडकीकडे धरलं. उलट केलं आणि दुसरी बाजू धरली. जाळीच्या एकेका भोकातून ऊन दिसत होतं. अकरा महिने मी ज्याची वाट बघितली ते असं होतं. मग मी स्टुलावरून उतरून खाली फरशीवर बसलो, टबाला टेकून.

ऊन सरकल्यावर फोन लावला. निशीनं पहिल्याच रिंगला उचलला.

"उघडलंत?"

"हो."

"कसं आहे?"

मला कातडीचं सांगायचं होतं, टिकलीएवढ्या जागेचं, आणि परीक्षा किती तारखेला आहे ते विचारायचं होतं. पण जे तोंडात आलं ते तेवढंच होतं.

"कापड कोरं आलं," मी म्हणालो.

तिचा श्वास ऐकू येत होता, मधेच तुटत होता, पुन्हा लागत होता. ओला उजवा हात मी मांडीवर उताणा ठेवला होता. डाव्या हातानं फोन कानाशी धरून ठेवला, आणि तीही फोन बंद करत नव्हती.